बांबूवरची लाल चिंधी

रशीदा,

तुझा बांबू मी घेऊन आले आहे. तुझ्या लेकीला, शबानाला विचारून घेतला, चोरला नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण माझ्या शब्दाला तुझ्या घरात किती वजन होतं ते मला अलीकडेच समजलं. दौंडच्या स्टँडवर एसटीचा कंडक्टर म्हणाला, "आज्जे, ह्यो बांबू घिऊन कुठं बसनार, टपावर?" मी म्हटलं, "टपावर तू बस, बांबूला खिडकी दे." त्यानं बेल मारली आणि गाडी गेली. शेवटी तुझ्या बबननं टेम्पोत आधी बांबू घातला, मग मला. चौफुला, न्हावरे करत शिरूर येईपर्यंत तो मागं खडखडत होता, आणि मला सारखं वाटत होतं, तूच मागं बसून काहीतरी ऐकवते आहेस.

तुझ्या जाण्याला आज अठरावा दिवस. नातसून म्हणाली, "आज्जी, रशीदाआपांवर चार ओळी लिहा, वाचायला बरं वाटंल." चार ओळींत तू मावायची नाहीस. आणि तुझं सगळं चांगलंच होतं असं लिहायला मला कुणी शोकसभेच्या खुर्चीवर बसवलेलं नाही. मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती तुला दोन वर्षांपासून माहीत होती, हे मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. ह्याला काय म्हणायचं, ते तूच सांग.

नाती मला विचारतात, "आज्जी, तू तरुणपणी कशी होतीस?" मी सांगते, हुशार. तू समोर असलीस की खोकायचीस.

दौंडला रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर, आणि कॉलनीच्या भिंतीला लागून तुमचं घर. आमचे हे रेल्वेत, तुझा नवरा मांडव आणि लायटिंगवाला. मी बावीस वर्षांची. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला, आणि मला एकदम पक्क्या भिंती, नळ आणि वेळेवर वाजणारा भोंगा मिळाला, तेव्हा नाक जे वर गेलं ते खाली यायला वर्ष लागलं. तुला मी 'ती मांडववाली' म्हणायची. तू मला काय म्हणायचीस ते तू फार वर्षांनी सांगितलंस. 'इंजिन.' का गं, म्हटलं. तर म्हणे, "ओढायला डबा एक न्हाई, नुसती शिट्टी."

क्वार्टरच्या मागं रुळांचं वेल्डिंग चाललं होतं तो दिवस तुला आठवत असेल. माणसं ओरडून सांगत होती, बाई, इकडं बघू नका. मला कुणी बघू नका म्हटलं की मान आपोआप वळते, हा माझा जुना रोग. मी कमरेवर कळशी घेऊन उभी राहिले आणि बघत बसले. मनात आकडे मोजले, शंभरपर्यंत. कशासाठी, तर इतरांना जमत नाही ते आपल्याला जमतं का पाहायला. जमलं. दिवेलागणीला डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. पापणी उघडत नव्हती, मिटत नव्हती, पाणी थांबत नव्हतं.

तू चाळणी परत द्यायला आलीस आणि दारातच थांबलीस.

"काय बघितलंस?"

"काय न्हाई."

"वेल्डिंग बघितलंस."

"न्हाई गं."

"तारे, आख्ख्या कॉलनीनं तुला बघताना बघितलंय."

मग तू दार लावलंस. मांडीवरच्या शबानाला बाजूला ठेवलंस, माझं डोकं ओढून तिच्या जागी घेतलंस, आणि माझ्या डोळ्यांत आपल्या दुधाचे थेंब सोडलेस. तेव्हा बायका हाच उपाय करायच्या. शबाना तिकडं भोकाड पसरून रडत होती, तिच्या वाट्यावर मी बसले म्हणून. मी विचारलं, "ह्यांना काय सांगू?" तू म्हणालीस, "कांदा चिरला म्हन." मी म्हटलं, "येवढा कांदा?" "मग दोन म्हन."

पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंना मी ही गोष्ट सांगितली तर त्या माझ्यावर रागावल्या. डोळ्यात दूध कधी घालायचं नसतं म्हणाल्या, गार पाण्याची पट्टी ठेवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. मी मान डोलावली. त्यांचं खरं आहे, आणि नातींनाही मी तेच सांगते. पण त्या दिवसापासून मी तुला मांडववाली म्हणायचं सोडलं. तुझं दूध डोळ्यांत गेलेल्या बाईला ते शोभलं नसतं.

आता बघ, तेव्हाच सगळं ठरून गेलं होतं. मी बघायचं, मी खोटं बोलायचं, आणि तू ते झाकायचं.

तुझा नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, धंदा विकून तू भावाकडे जाशील. तू दहाव्या दिवशी पदर खोचून, निऱ्यांना मोठी पिन लावून शिडीवर चढलीस. मी खालून शिडी धरली होती. तू वरून म्हणालीस, "तारे, शिडी हलवू नकोस." मी म्हटलं, "मी न्हाई हलवत, मी हलतीय." सिरीजचे बल्ब गेले, हॅलोजन आले, एलईडी आल्या, आणि मग तुझ्याकडे लेझरची दोन मशीनं आली. गावोगावी पोरांना तेच हवं होतं. हिरव्या, निळ्या रेघा आभाळात फिरवणारं.

तू मात्र त्या मशीनला पहिल्या दिवसापासून बिचकून होतीस. तुला मी बिचकताना फार कमी पाहिलं, म्हणून लक्षात राहिलं. म्हणायचीस, "बल्बचा उजेड पसरतो गं. भाकरीच्या पिठावानी, जरा इथं, जरा तिथं. ह्यो पसरत न्हाई. ह्यो सुईवानी जातो." तुझा एक मोबाईल होता, त्याच्या कॅमेऱ्यात त्या रेघेचा फोटो काढताना एक जांभळी पट्टी जी उमटली ती कायमची. मग पुढं कुठलाही फोटो काढ, नवरीच्या कपाळावरून ती पट्टी जायची. तू तो मोबाईल टाकला नाहीस. पिशवीत ठेवून गावोगावच्या कमिटीसमोर काढायचीस. "बघा, मोबाईलचा डोळा मेला. तुमचा काय रबराचा हाय व्हय?"

आणि मग हा बांबू. कुठल्याही गावात मशीन उभं करायच्या आधी तू विचारायचीस, "गावात सगळ्यात उंच बाप कोन?" पोरं हसायची. उंच माणूस नाही, उंच बाप. तो आला की त्याच्या खांद्यावर त्याचं पोर बसवायचीस, पोराला हात वर करायला लावायचीस, आणि बाजूला बांबू उभा धरून बघायचीस. गर्दीत सगळ्यात उंच डोळा मोठ्या माणसाचा नसतो, खांद्यावरच्या पोराचा असतो, हे तुझ्या आधी मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आजवर ज्या ज्या पोराचा हात सगळ्यात वर गेला, त्याच्या वीतभर वर तू ही लाल चिंधी बांधलीस. चिंधीच्या खाली माणसांचं राज्य. लेझरची रेघ चिंधीच्याही हातभर वर, आणि डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीवर नाहीतर आभाळात.

पोरं कुरकुरायची. "आपा, बीम अंगावर आल्याबिगर मजा न्हाई." तू म्हणायचीस, "मजा डोक्यावरनं जाऊ द्या. डोळा हाय बाबांनो, बल्ब न्हवं बदलायला."

त्या पोरांबरोबर मी पण हसायची, रशीदा. मोठ्यानं हसायची. तुला हेडमास्तरीण म्हणायची. एकदा तर तुझ्या पाठीमागं बांबूला काठीसारखं धरून तुझी नक्कलही केली, आणि तू वळून बघितलंस तेव्हा म्हटलं, "पाठ दुखती म्हणून टेकली." साठी उलटलेली बाई. बावीस वर्षांची असताना निदान वयाचं कारण होतं.

रिटायर झाल्यावर आम्ही शिरूरकडे आमच्या गावाला आलो. बिरोबाच्या यात्रेला लायटिंग तुझंच असलं पाहिजे, हे मीच कमिटीच्या गळी उतरवलं. दोन वर्षांपूर्वीची यात्रा ती. आमच्याकडे पालखीतल्या पितळी मुखवट्याला उजळायचा मान दरवर्षी एका घराला मिळतो. चिठ्ठी निघते. लग्न होऊन आल्यापासून माझ्या नावाची चिठ्ठी कधी निघाली नव्हती, त्या वर्षी निघाली. मी चिंच घेतली, राख घेतली, आठ दिवस तो मुखवटा घासला. सुनेला हात लावू दिला नाही. शेवटच्या दिवशी त्यात माझं तोंड दिसायला लागलं. देवाच्या कपाळात माझं नाक. मला तेव्हाच शरम वाटायला हवी होती, पण मी पदरानं अजून एकदा पुसला.

त्या दिवशी दुपारी तू उंच बाप शोधलास. खालच्या आळीचा संजय निघाला, सहा फुटांच्या वर. त्याची चार-पाच वर्षांची मुलगी खांद्यावर. तिनं हात वर केला आणि तू चिंधी सोडून पुन्हा वर बांधलीस. "तारे, तुमच्या गावानं रेकॉर्ड केलं," म्हणालीस. दोन्ही मशीनं लोखंडी सांगाड्याच्या टोकाला चढली. सूर्य बुडाला. तू माझ्या घरी नमाजाला गेलीस. आतल्या खोलीत मी स्वतः तुला चटई अंथरून दिली, माठातलं पाणी काढून दिलं, दार ओढून घेतलं, आणि तिथून सरळ देवळापुढं आले.

पालखी निघाली होती. गजी नाचाचे ढोल सुरू झाले होते, भंडारा उधळला जात होता. त्या पिवळ्या धुरळ्यात हिरव्या रेघा अशा दिसत होत्या की जणू कुणी आभाळात सुतं ताणली आहेत. पण सगळं वर. खाली पालखी अंधारात. आठ दिवस घासलेला माझा देव अंधारात, आणि लोकांची तोंडं आभाळाकडं.

बबन मशीनपाशी होता. वीस वर्षं तुझ्याकडे काम केलेला माणूस.

"बबन, येक रेघ जरा देवावर पाड."

"आक्का, आपा वरडतील."

"आपा नमाज पडतीय. ती यायच्या आत परत वर घे. मानाचं घर हाय माझं. माझ्या देवाला अंधारात ठेवतोस व्हय?"

त्यानं सांगाड्यावर चढून मशीन धरणाऱ्या क्लॅम्पचा नट ढिला केला. रेघ खाली आली आणि मुखवट्यावर पडली. काय झळकला गं तो. मी पालखीसमोर आरतीचं ताट घेऊन उभी. कुणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली, माझा उजवा डोळा भरला आणि मी तो मिटून घेतला. तेवढ्यात ढोलाच्या तालावर पालखी उचलली गेली. भिंतीवर रेघ पाडली तर भिंत जागची हलत नाही. आमचा देव नाचतो. आणि घासलेलं पितळ म्हणजे आरसाच. मुखवटा कलला आणि ती रेघ उलटून माझ्या उघड्या, डाव्या डोळ्यात आली.

पापणी मिटायच्या आत गेलीसुद्धा. दुखलं नाही. खरंच सांगते, मुंगी चावली तरी जास्त दुखतं. नुसता हिरवा फुगा फुटल्यासारखं झालं. मी बबनला हात केला, त्यानं मशीन वर घेतलं. तू परत आलीस, मशीनकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मी तुला प्रसाद दिला.

सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. उजवा डोळा झाकून नातीकडं बघितलं तर तिला वेण्या होत्या, कान होते, फ्रॉक होता, आणि तोंडाच्या जागी काळपट डाग. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तुला फोन केला, कारण घाबरले की मला तुझाच नंबर पाठ असतो.

पुण्याच्या दवाखान्यात तू माझ्याबरोबर होतीस. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. भिंगानं उन्हात कागद जाळतात तसं, म्हणाल्या. आपल्या डोळ्यातलं भिंग त्या उजेडाला मागच्या पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करतं, आणि ती जागा भाजते. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत. चष्म्यानं जाणार नाही, ऑपरेशननंही नाही. थोडं आपोआप सुधारलं तर सुधारेल. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही.

"आरतीच्या वेळी झालं," एवढंच मी म्हणाले.

घरी आलो तेव्हा माझ्या मुलासमोर तू हात जोडलेस. "माझ्या लायटीनं झालं बाबा. माझंच चुकलं." तो म्हणाला, "मावशी, असं काय करताय?" तू पुन्हा म्हणालीस, "न्हाई, मशीन माझं." आणि मी, रशीदा, मी खाली मान घालून कपातला चहा ढवळत होते. साखर घातलीच नव्हती त्यात.

गावात मी मोतीबिंदू म्हणून सांगितलं. मोतीबिंदूला कुणी कारण विचारत नाही.

त्यानंतर तुझं आणि माझं भांडण जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. तू आमच्या गावाला लेझर लावायचं बंद केलंस. मागच्या यात्रेला कमिटीनं शिक्रापूरकडून दुसरी पार्टी आणली. त्यांची मशीनं छातीएवढ्या उंचीवर, तोंडावर मारा. मी अंग दुखतंय म्हणून घरात बसले, आणि माझी नात बापाच्या खांद्यावर बसून बघायला गेली. मुलाला वाटत होतं, दोष तुझ्या मशीनमध्ये होता; तिला अडवायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं. त्या दिवशी मी उंबऱ्यात बसून होते, ती परत येऊन एकेक डोळा झाकून माझी बोटं मोजेपर्यंत.

तू दर आठवड्याला फोन करून एकच गोष्ट म्हणायचीस. "तारे, गावात येकदा सांग. मी सांगितलं तर म्हणतात धंद्यातली भांडणं. तू सांगितलं तर ऐकतील. तुझा डोळा दाखव त्यास्नी." मी म्हणायची, "म्हाताऱ्या बाईचा डोळा कोण बघतंय?" तू म्हणायचीस, "माझा जळाला असता तर म्या तंबू लावून दाखवला असता." कधी चिडायचीस, कधी मस्करी करायचीस, कधी नुसती गप्प राहायचीस आणि मागं तुमच्या घरातला पंखा ऐकू यायचा. मी कशी सांगणार होते? डोळा दाखवला की पुढचा प्रश्न आलाच असता, रेघ खाली कशी आली. दोन वर्षं गाव म्हणत होतं, ती दौंडवाली बाई उगीच भिते. आणि भ्यायला शिकवणाऱ्या माणसाचा नियम मोडला कुणी, ते मला आणि बबनला सोडून कुणाला माहीत नाही. असं मला वाटत होतं.

शेवटचा फोन. "यात्रेची मीटिंग हाय ना पुढल्या महिन्यात? जाशील?" मी म्हटलं, "रशीदा, डाळ करपतीय." आणि ठेवला. चुलीवर डाळ नव्हती. घरात कुणाची जेवायची वेळही नव्हती. सकाळचे दहा वाजले होते. चार दिवसांनी शबानाचा फोन आला. मी अजून हिशेब लावते, तू तेव्हा आणखी काही बोलणार होतीस का. कदाचित नुसतं 'बरं' म्हणणार होतीस. तेवढं तरी ऐकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुझ्या घरात बायकांत बसले. कुराण वाचणाऱ्या मुलींचा आवाज येत होता. शबानानं मोबाईलवर तुझा फोटो दाखवला, शिडीवरचा. मी सवयीनं उजव्या डोळ्यातलं पाणी पुसायला तो झाकला आणि डाव्यानं बघितलं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू नव्हतीस. साडीची किनार होती, शिडी होती, चेहरा गेलेला. नजर जरा बाजूला, शिडीच्या पायरीवर नेली, तर तू कडेला आलीस. दोन वर्षं मी सगळ्यांना असंच बघते. तुलाही असंच बघावं लागेल, ह्याचा विचार केला नव्हता.

मग मागच्या अंगणात गेले. बबन सामान झाकत होता. मशीन उघडं होतं आणि त्याचा क्लॅम्प बघून मी थांबले. नटाची जागाच नव्हती. जिथून मशीन खाली वळतं, तिथं वेल्डिंगचा ओबडधोबड टाका.

"हे कुणी केलं?"

बबन पायाकडं बघत म्हणाला, "आपांनी. तुमची यात्रा झाली त्याच आठवड्यात. आक्का, आपांनी मला त्याच दिवशी इचारलं. नट ढिला बघून. म्या सांगून टाकलं."

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"आपांनी शपथ घातली व्हती. म्हणाल्या, तिचं तिला सांगू दे. तू बोललास तर ती आयुष्यभर माझ्या तोंडाकडं बघायची न्हाई."

शबाना मागं येऊन उभी होती. म्हणाली, "मावशी, वेल्डिंगवाल्याकडं अम्मीबरोबर मीच गेले होते. अम्मी पाठ करून उभी राहिली. मलाही म्हणाली, तिकडं बघू नकोस, तुझ्या मावशीसारखी."

मी तुझ्या अंगणात बसले आणि आधी हसले, मग उरलेलं सगळं झालं.

हे बरं केलं नाहीस, रशीदा. माझ्या मुलापुढं हात जोडलेस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी चहा ढवळत होते ते तू बघत होतीस. दर आठवड्याला 'येकदा सांग' म्हणायचीस, तेव्हा तू गावाबद्दल बोलत नव्हतीस, किंवा गावाबद्दलही बोलत होतीस. एकदा तरी अंगावर यायचंस. 'तारे, लबाडे, तूच खाली घेतलंस,' असं एकदा म्हणायचंस. मी नाही म्हटलं असतं, तू आख्ख्या कॉलनीनं बघितलंय म्हणाली असतीस, आणि मोकळं झालं असतं. तू दार लावून घेतलंस, पुन्हा. पहिल्यांदा त्यानं मी बरी झाले. ह्या वेळी दोन वर्षं आत कोंडून राहिले. पण तुला तरी काय म्हणू? कडी आतूनच होती.

काल देवळापुढं मीटिंग होती. सकाळीच. मी तुझा बांबू घेऊन गेले, नातसुनेनं दुसरं टोक धरलं. कमिटीचे आप्पा म्हणाले, "काकू, झेंडा लावायचाय व्हय?" मी म्हटलं, "आप्पा, जरा म्होरं उभं ऱ्हावा." मी उजवा डोळा झाकला. "तुमची टोपी हाय. धोतर हाय. मिशी न्हाई, नाक न्हाई, डोळं न्हाई." कुणीतरी म्हणालं, "मोतीबिंदूचं आपरेशन करून घ्या की." मी म्हटलं, "मोतीबिंदू न्हाई. दोन वर्सं खोटं बोलले."

मग सगळं सांगितलं. मुखवटा, नट, नमाज, चटई. बोलताना बांबूला टेकले, ह्या वेळी पाठ दुखते असं काही सांगितलं नाही. एक पोरगा म्हणाला, "म्हंजी त्या लायटीवाल्या आपांची चूक नव्हती?"

"न्हाई. तिची चूक येकच. माझ्यावर इस्वास ठेवून नमाजाला गेली."

सगळे एकदम बोलायला लागले. पार्टी ठरलेली आहे, पोरं ऐकायची नाहीत, मग लेझरच नको, लेझर नाही तर यात्रा कसली. तुला आवडली असती अशी बोलाचाली. आप्पांनी शेवटी एवढं कबूल केलं की देवावर लेझर पडणार नाही, पालखी आत गेल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, आणि उंची बांबूनं ठरेल. पार्टी ऐकेल की नाही ते यात्रेच्या दिवशी कळेल. मी मशीनपाशी खुर्ची टाकून बसणार आहे, एवढं मी सांगून ठेवलंय. एक डोळा पुरतो तेवढ्याला.

"पण मापायचं कसं?" आप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून संजय उठला. त्या दिवशी आरतीला तो माझ्या पाठीमागं उभा होता, मुलगी खांद्यावर. मुखवटा आणखी जरासा कलला असता तर रेघ माझ्या डोक्यावरून थेट तिच्या डोळ्यांत गेली असती. हे त्याला काल पहिल्यांदा कळलं. त्यानं मुलीला उचललं, खांद्यावर बसवलं आणि तो बांबूशेजारी येऊन उभा राहिला.

"हात वर कर," मी म्हटलं.

तिनं केला. दोन वर्षांत केवढी वाढलीय, रशीदा. तिची बोटं तुझ्या चिंधीच्या लोंबत्या टोकापर्यंत गेली आणि तिनं ते हसत हसत ओढलं.

आम्ही बांबू आडवा केला. तुझी गाठ दातांनी सोडवावी लागली, इतकी घट्ट. चिंधी हातात आली तेव्हा बघितलं, तर माझ्याच एका जुन्या पोलक्याचं कापड. दौंडला असताना कधी दिलं होतं तुला, की तू उचललं होतंस, आठवत नाही. मी ती वीतभर वर बांधली. नजर जरा बाजूला ठेवून बांधली, म्हणजे गाठ नीट दिसते.